सपाट रेषेतली खाच

दिल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या नोएडा-गुरगाव-फरिदाबादेत मिळून जेवढी म्हणून मराठी माणसं राहतात, त्यांत आवाजावर इतकं प्रेम आणि आवाज करणाऱ्या माणसांचा इतका तिटकारा एकाच अंगात वागवणारा इसम माझ्या मावशीच्या यजमानांखेरीज दुसरा नसेल, हे मी लिहून द्यायला तयार आहे. हे गृहस्थ द्वारकेतल्या एका सोसायटीत सहाव्या मजल्यावर राहतात. एका मंत्रालयात जन्मभर फायली वर-खाली करून ते निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर माणसं जशी बागकामाला, योगासनांना किंवा सुनेच्या चुका काढायला लागतात तसे काका दिवाणखाना दुरुस्त करायला लागले. दुरुस्त म्हणजे गवंडी बोलावून नव्हे. भिंती होत्या तिथेच राहिल्या. काकांना दुरुस्त करायचा होता खोलीचा आवाज. "खोली खोटं बोलते," असं त्यांचं ठाम मत आहे. स्पीकर बिचारा खरं तेच सांगत असतो; पण भिंती, छत, काचेचं कपाट, सोफा आणि सोफ्यावरचे पाहुणे हे सगळे मिळून मधल्या मध्ये त्याची साक्ष फिरवतात. कानापर्यंत पोचते ती निव्वळ अफवा. नोकरीत त्यांनी अफवांवर सही करून आयुष्य काढलं होतं, त्यामुळे की काय, घरात मात्र त्यांना सत्य हवं होतं, आणि तेही पाच स्पीकर आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्याएवढ्या सबवूफरमधून.

सत्य शोधायची त्यांची रीत अशी. काकांच्या खुर्चीत, काकांचं डोकं जिथे येतं नेमकं तिथे, तिकाटण्यावर एक बोटाएवढा माइक उभा करायचा. मग लॅपटॉपवरून एक आवाज सोडायचा. तो म्हशीच्या हंबरण्यापासून सुरू होतो, चढत चढत डासाच्या गुणगुणण्यापर्यंत जातो आणि तिथे संपतो. माइक तो ऐकतो आणि पडद्यावर एक रेघ उमटते. खोलीने जो सूर फुगवून सांगितला तिथे रेघेला टेंगूळ येतं, जो सूर गिळला तिथे खड्डा पडतो. मग काका यंत्राला सांगतात, अमुक टेंगूळ आहे ना, तेवढा सूर हळू वाजव. यंत्र ऐकतं. पुन्हा माइक, पुन्हा हंबरणं, पुन्हा रेघ. रेघ सपाट होईपर्यंत हे चालतं. म्हणजे कायमच चालतं, कारण मधल्या वेळात कोणीतरी पडदा सरकवलेला असतो. खुर्चीतल्या त्या माइकला मावशी "जावईबापू" म्हणते. मुलगी नसताना हा जावई मिळाला, शिवाय काही खात नाही, असं तिचं म्हणणं. पण मान जावयाचाच. तो बसलेला असताना घरात कोणी खोकायचं नाही.

खोकायचं नाही हे मी अलंकारिक लिहीत नाहीये. मोजणीच्या वेळी फ्रिज बंद. पंखे बंद. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून टेबलावर. कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, आणि एकदा, मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, काका माझ्यासमोर मावशीला म्हणाले, "बांगड्या तेवढ्या काढून ठेव ना. किणकिण पकडतोय तो."

मावशी घामाने निथळत होती. तिने एकेक करून बांगड्या काढल्या आणि विचारलं, "श्वास घेतलेला चालेल का?"

"हळू घे," काका म्हणाले. अगदी मनापासून.

स्वतःच्या घरात एका बाईने बांगडी वाजू द्यायची नाही, याला माझ्या पत्रकांत छळ म्हणतात. मी आणि माझे मित्र हॉर्न, डीजे आणि भोंगे यांच्याविरुद्ध मोहीम चालवतो. चौकाचौकांत पत्रकं वाटतो, शिव्या खातो. पत्रकात दोनच जातीची माणसं असतात, सोसणारी आणि जबाबदार. काकांना मी त्याच दिवशी दुसऱ्या रकान्यात टाकलं आणि तसं त्यांना तोंडावर सांगितलंही. त्यांनी शांतपणे माझ्या हातातलं पत्रक घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "पुढारी, यात तुम्ही जो डेसिबल लिहिलाय त्या मोजणीत जाड सूर जवळजवळ धरलेच जात नाहीत. म्हणजे छाती हलवणारा जो आवाज आहे, तो तुमच्या पत्रकाच्या बाहेरच राहिला." मला ते पुढारी म्हणतात. राग आला, पण मुद्दा बरोबर होता आणि पुढच्या पत्रकात आम्ही तो घातला.

त्या मुद्द्याच्या मोहात पडून मी एक घोडचूक केली. शेजारच्या सेक्टरात लग्नाचा मांडव पडला होता आणि सकाळपासून डीजे तालीम करत होता. आमच्या गटाकडे मोबाइलवरचं फुकटचं ॲप. काकांकडे खरा माइक. मी त्यांना सोबत घेतलं. आम्ही फलक धरून फाटकापाशी उभे राहिलो आणि काका पुरावा गोळा करायला आत गेले. बराच वेळ झाला तरी येईनात. मला वाटलं, मारलं की काय. शेवटी आले ते हातात गुलाबजामची वाटी घेऊन. "फारच वाईट परिस्थिती आहे," ते म्हणाले. "त्याने बेसच्या पेट्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवल्या होत्या. नुसता घुमारा. मी दोन्ही पेट्या पुढे ओढायला लावल्या आणि एक टेंगूळ कापून दिलं. आता ऐक." आम्ही ऐकलं. पूर्वी नुसतं ढम ढम येत होतं. आता गाण्याचा शब्दन् शब्द पलीकडच्या मेट्रो स्टेशनापर्यंत स्वच्छ पोचत होता. डीजेवाला पोरगा फाटकापर्यंत आला, आमच्या फलकाखालून वाकून काकांच्या पाया पडला आणि म्हणाला, "अंकलजी, आपने तो लाइफ बना दी." दुसऱ्या दिवशी मोहिमेच्या बैठकीत माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

द्वारकेवरून विमानं जातात. इतकी खाली जातात की गच्चीत वाळत घातलेल्या चादरीला सावली पडते. आम्ही बाकीचे लोक बोलता बोलता थांबतो आणि विमान गेलं की वाक्य पुढे चालू करतो. काकांना मात्र प्रत्येक विमान म्हणजे आपल्या रेघेवर मुद्दाम केलेला हल्ला वाटतो. ते बोट वर करून उभे राहतात. बोट वर आहे तोवर घरात सगळे पुतळे. हिवाळ्यात धुकं पडून उड्डाणं रखडली की अख्खी दिल्ली विमानतळावर बसून शिव्या देते. काका त्या सकाळी कानटोपी घालून, हात चोळत, आनंदाने माइक बाहेर काढतात. "काय शांतता आहे बघ. बिल्कुल साफ." लोकांची लग्नं, मुलाखती, बायपास बुडत असतात आणि हे गृहस्थ आभाळाचे आभार मानत असतात.

सबवूफर कुठे ठेवायचा हा प्रश्न त्यांनी ज्या पद्धतीने सोडवला ती पाहण्याचं भाग्य महाराष्ट्र मंडळाच्या चिटणीसबाईंना लाभलं. पद्धत त्या शास्त्रातली अधिकृत आहे असं काका सांगतात, आणि दुर्दैवाने ते खरं आहे. सबवूफर उचलून स्वतःच्या बसायच्या जागी ठेवायचा आणि आपण जमिनीवर रांगत, कान फरशीजवळ नेत, खोलीभर फिरायचं. जिथे आवाज सर्वांत गोड लागेल ती सबवूफरची जागा. चिटणीसबाई गणपतीच्या कार्यक्रमाबद्दल बोलायला आल्या तेव्हा सोफ्यावर मधोमध ती काळी पेटी बसलेली होती, टेबलाखालून घूं घूं आवाजात एक निवृत्त अधिकारी चार पायांवर येत होता आणि टीव्हीच्या मागे जात होता. मावशीने स्टूल पुढे केलं. "बसा. सोफ्यावर पाहुणे आहेत." काकांनी मान वर केली, "नमस्कार, या, बसा," म्हणाले आणि पडद्यामागे गेले. बाईंनी नंतर मंडळात काय सांगितलं ते कळलं नाही, पण त्या वर्षी काकांना कार्यकारिणीवर घ्यायचा विषय निघालाच नाही.

खालच्या मजल्यावरचे कर्नलसाहेब एकदा तक्रार घेऊन वर आले. सभ्य माणूस. दारातच हात जोडून म्हणाले, "भाईसाहब, हमारे यहाँ दाल में लहरें उठ रही हैं।" एखाद्याने वरमून आवाज कमी केला असता. काकांचे डोळे चमकले. "डाइनिंग टेबल किस कोने में है?" त्यांनी विचारलं, आणि माइक घेऊन कर्नलसाहेबांच्याच घरी मोजायला गेले. निष्पन्न असं झालं की जाड सूर कोपऱ्यात साचतात आणि कर्नलसाहेबांचं टेबल नेमकं कोपऱ्यात होतं. दोष टेबलाचा. टेबल हलवलं. युद्ध पाहिलेला माणूस तो, पण त्याने स्वतः टेबलाचं एक टोक धरलं. काकांच्या आत्मविश्वासापुढे मी संयुक्त सचिवांना हललेलं पाहिलं आहे.

पण त्यांच्या शास्त्रातला मला सगळ्यात चीड आणणारा भाग म्हणजे ती खुर्ची. दिवाणखान्यात एकच खुर्ची अशी आहे की जिथे खोली खरं बोलते. तिच्या चारी पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा आहेत. ती खुर्ची काकांची. बाकीच्या जागांवर, त्यांच्याच शब्दांत, "लोक नुसते बसतात." माइक त्यांच्या कानाच्या उंचीवर धरून सगळी दुरुस्ती झाल्यामुळे त्यांच्याच उंचीवर जग सपाट आहे, मावशी चार बोटं ठेंगणी, म्हणून तिच्यासाठी त्यांनी उशी सुचवली. मावशी मात्र गेली कित्येक वर्षं स्वयंपाकघराच्या दारापाशी असलेल्या वेताच्या खुर्चीत बसते, भाजी निवडते, तिथूनच सिनेमा बघते. काकांनी एकदा तिथली मोजणी केली आणि रेघ बघून चुकचुकले.

"तुझ्या जागेवर मोठा खड्डा आहे. तिथे जाड सूर पोचतच नाहीत. पुढून आलेला आणि भिंतीवरून परतलेला एकमेकांना खाऊन टाकतात."

"अच्छा," मावशी म्हणाली. "एवढी वर्षं संसार केला. आज कळलं, माझ्या जागेवर काही पोचत का नाही ते."

मी विचारलं, "मग मावशीसाठी तिथला आवाज वाढवा ना. एवढं यंत्र आहे."

काका माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघत राहिले. "टेंगूळ कापता येतं. खड्डा भरता येत नाही. कितीही पाठवलं तरी तिथे पोचणार नाही, नुसता ॲम्प्लिफायर तापेल. जागा बदलावी लागते."

"कोणी?" मी विचारलं. यावर त्यांनी केबल तपासायला घेतली.

आता मावशीच्या तंबोऱ्याकडे येते, कारण खरं भांडण तिथे आहे. काका नोकरीत होते तेव्हा दिवाणखाना मावशीचा होता. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती तिथे सतरंजी घालून गाणं शिकवायची. शिकायला येणाऱ्या मुली बहुतेक छावणीतल्या. सातारा, बीड, जळगावकडून आलेल्या जवानांच्या. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि गाण्यातला "साजिरी" हा शब्द आला की "मावशी, साजिरी म्हणजे क्या होता है?" त्यांना सूर आणि शब्द दोन्ही तिथेच मिळायचे. काका निवृत्त झाल्यावर त्या सतरंजीचा आधी अर्धा भाग गेला, मग ती टीव्हीपासून लांब सरकली, मग भिंतींवर उशांसारखे जाड फलक लागले आणि मुलींना त्यांना टेकायची बंदी झाली. एका चिमुरडीने तर विचारलंही, "मावशी, काकांचा स्पीकर बीमार आहे का? रोज चेकअप असतो." मावशी हसली. ती तोवर हसत होती.

मग काकांच्या रेघेला एक भूत लागलं. मोजणीचा आवाज संपल्यावरही एक हलका सूर खोलीत रेंगाळायचा आणि पडद्यावर त्याची शेपटी उमटायची. कधी असायची, कधी नसायची. काकांनी काचेच्या कपाटाला रबर लावलं. त्यातली मावशीची बक्षिसं पेटीत गेली. पडदे बदलले. कर्नलसाहेबांच्या टेबलावर पुन्हा संशय घेऊन झाला. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाबद्दल त्यांनी व्यवस्थापकाला जाब विचारला. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं की भूत मंगळवारी आणि शुक्रवारीच येतं. "या दोन दिवशी खोली वेगळी वागते," ते मला गंभीरपणे म्हणाले. एवढा बुद्धिमान माणूस, पण मंगळवार-शुक्रवारी आपल्या घरात काय असतं हे त्याला आठवायला पडद्यावरची शेपटी लागावी, याचं मला अजून नवल वाटतं.

भूत पकडलं गेलं तेव्हा मी तिथेच होते. शुक्रवारची सकाळ, दुपारच्या वर्गासाठी मावशीने तंबोरा गवसणीतून काढून, जुळवून, कोपऱ्यात टेकवून ठेवला होता. काकांनी मोजणी लावली. आवाज हंबरत चढला, बारीक झाला, संपला. आणि त्या कोंडलेल्या शांततेत कोपऱ्यातून, कोणी हात लावलेला नसताना, तंबोरा एकटाच वाजत होता. खर्जाची तार. अगदी हलकी, पण स्पष्ट. खोलीतून त्याचा सूर गेला होता आणि त्याने ओ दिली होती, एवढंच. मावशीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी यापूर्वी पाहिलं नव्हतं. "अहो, गातोय तो," ती हळूच म्हणाली.

"सापडला," काका म्हणाले.

त्यांनी गवसणी घालून पाहिली. शेपटी गेली, पण भोपळ्याचं एक बारीक टेंगूळ राहिलं. मावशी म्हणाली, "राहू दे की तेवढं." तेवढं राहू देणारा माणूस हा नव्हे. त्यांनी सरकारी आवाज लावला. "असं करू. तंबोरा माळ्यावर शिफ्ट करू. वर्ग बेडरूममध्ये. तात्पुरती व्यवस्था." काकांच्या खात्यातल्या तात्पुरत्या व्यवस्था मावशीने पस्तीस वर्षं ऐकल्या होत्या. तात्पुरती शेड, तात्पुरती बदली. त्यांतली एकही उठलेली तिने पाहिली नव्हती. आत जाऊन तिने माझ्या आईला फोन लावला. आई तिची थोरली बहीण, आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो.

"ताई, तुझ्याकडे तंबोरा ठेवायला जागा आहे का?"

आई आहे म्हणाली असावी.

"आणि तंबोऱ्याच्या बाईला?"

काकांची गाडी तिने घेतली नाही. मी तंबोरा छातीशी धरला आणि आम्ही मेट्रोने निघालो. सुरक्षेच्या यंत्रात तो मावेना. शिपाई गवसणी चाचपत म्हणाला, "मैडम, ये क्या है?" मावशी म्हणाली, "घर का सामान है भैया." जनकपुरीला आम्ही गाडी बदलली. पुढच्या मंगळवारी छावणीतल्या मुली आर. के. पुरमला आल्या आणि आमच्या हॉलमध्ये, पंख्याच्या खडखडाटात, वर्ग सुरू झाला. मावशी परत जाणार की नाही, हे कोणी विचारत नव्हतं. आईने तिच्यासाठी एक कपाट मात्र रिकामं केलं होतं, आणि ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

एका मंगळवारी मला काकांचा फोन. "पुढारी, येऊन जा. रेघ सपाट झाली." मी गेले ती भांडायलाच. दार उघडल्यावर आधी वास आला. फ्रिज बंद होता. मोजणीसाठी बंद केला तो तसाच. आत दूध नासलं होतं, भाज्यांनी माना टाकल्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ थांबलेलं आणि सेल टेबलावर. मोजणी झाली की फ्रिज चालू करायचा आणि घड्याळात सेल घालायचा, ही कामं आपोआप होतात असा काकांचा समज होता. मी फ्रिज लावला. त्यांनी मला रेघ दाखवली. खरंच सपाट होती, इस्त्री केल्यासारखी. त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं, जे पूर्वी कधी घडलं नव्हतं, आणि एक वाद्यसंगीत लावलं. ते सुंदर वाजत होतं. मी ते नाकारणार नाही. मिनिटभराने त्यांनी स्वतःच बंद केलं.

"कसं?"

"छान आहे."

"छानच आहे." ते कोपऱ्याकडे बघत होते. "मंगळवार असूनसुद्धा सपाट आहे."

मला जे बोलायचं होतं ते मी बोललेच. "काका, माफी मागा."

"कुठल्या ग्राउंडवर? तो वाजत होता हे फॅक्ट आहे."

"तंबोरा वाजण्यासाठीच असतो."

मी सेल घड्याळात घातला आणि वेळ लावून निघाले.

त्याच शुक्रवारी भर वर्गात ते आमच्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, खांद्यावर पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारं तिकाटणं. आई म्हणाली, "या. बसा." मावशीने तंबोरा छेडणं थांबवलं, पण उठली नाही. काकांनी पिशवी उघडून माइक काढला.

"इथेही?" मावशी म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी." त्यांनी तंबोऱ्यासमोर सतरंजीवर मांडी घातली आणि माइक उभा केला. "फक्त खर्जाची तार छेड. एकदा."

तिने छेडली. नेमका त्याच वेळी आईच्या कुकरने दणकून शिट्टी दिली. मुलींनी घाबरून काकांकडे पाहिलं. मीही पाहिलं. काका म्हणाले, "असू दे."

हे दोन शब्द त्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. दुसरी शिट्टीही त्यांनी असू दिली. मग लॅपटॉपकडे बघत, कोणाकडेच न बघता, सांगायला लागले, "मी तिथे खाच मारतो. तेवढ्या एका सुरापुरती. माझे सगळे स्पीकर, सबवूफर, कोणी त्या सुराला शिवणारच नाही. म्हणजे हा उघडा बसला, जुळवलेला बसला, तरी त्याला कोणी हाक मारणार नाही. तो गप्प बसेल. तू वाजवशील तेव्हाच वाजेल."

आईला या शास्त्रातलं काही कळत नाही, पण भोक तिला कळतं. "म्हणजे तुमच्या त्या रेघेला भोक पडणार."

"पडणार."

"आणि सिनेमात तोच सूर आला तर?" मावशीने विचारलं.

"आपल्याकडे नाही वाजणार."

मावशी बराच वेळ तारेवरून बोट फिरवत राहिली. "मंगळवार-शुक्रवार हॉल माझा. गवसणी घालणार नाही. बांगड्या काढणार नाही."

"मान्य."

"तात्पुरतं?"

"कायम," काका म्हणाले. त्यांच्या सबंध कारकिर्दीत हा शेरा त्यांनी कुठल्याही फायलीवर मारला नसेल.

माफी त्यांनी मागितली नाही, ही नोंद मी मुद्दाम करते. मोहिमेच्या हिशेबाने हा विजय अर्धाच. खुर्चीच्या खुणा अजून फरशीवर आहेत, विमान आलं की बोट अजून वर जातं, आणि जावईबापू अजून खुर्चीत बसतो. एवढं झालं की वर्गाच्या दुपारी काका स्वयंपाकघराच्या दारापाशी, त्या खड्ड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसतात आणि शेंगा सोलतात. जाड सूर तिथे पोचत नाहीत हे त्यांनीच सिद्ध केलं आहे. मावशीचा आवाज पोचतो. मोबाइलवर त्यांच्यासारख्याच रेघवेड्यांचा एक गट आहे. तिथे त्यांनी आपली रेघ टाकली की कोणीतरी हमखास विचारतं, सर, बाकी सगळं सुंदर, मधेच हे भगदाड कसलं, भरून का नाही काढत? काका एकच उत्तर लिहितात. "तिथे तंबोरा बसतो." पुढे स्पष्टीकरण देत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात धुक्याच्या एका सकाळी मी नवी पत्रकं घेऊन त्यांच्याकडे गेले होते. काका कानटोपी घालून लॅपटॉपसमोर बसले होते. रेघ माझ्या आता ओळखीची झाली आहे, म्हणून मला दिसलं की खाच होती तिथे नव्हती. जराशी डावीकडे, खालच्या सुरांकडे सरकली होती. मी विचारलं, बिघडलं का काही?

त्यांनी आधी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तिने पट्टी उतरवली. काळी चार होती, आता पांढरी पाचवर गाते. वरचे सूर जड जात असतील. कोणाला बोलली नाही. मलाही नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"मंगळवारी मोजलं तर तंबोरा पुन्हा बोलायला लागला. खाच जागेवरच होती. सूर खाली गेला होता." त्यांनी पडद्यावरच्या त्या बारीक खळग्यावर बोट ठेवलं. "मग मी खाच सरकवली."

"मावशीला विचारलं नाही?"

"काय विचारायचं?"

आत मावशी दुपारच्या वर्गासाठी तारा जुळवत होती. खर्ज लागला, जरा उतरला, पुन्हा लागला. आम्ही दोघंही ऐकत होतो. बाहेर धुकं होतं आणि एकही विमान नव्हतं, मोजणीला याहून बरी सकाळ मिळाली नसती. पण माइक पिशवीतच होता.

"खाली अजून बरीच जागा आहे," काका म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.